कच्चा ढीग

सावर्डे, १२ एप्रिल

आत्यांना दर्शनाचा नमस्कार.

अस्लमभाई पेंढा भरायला तुमच्याकडे टेम्पो घेऊन येणार आहेत, त्यांच्या हातून हे पत्र देते. फोनचं काय सांगू. तुमच्या वाडीत रेंज नाय, लागला तरी तुम्हाला ऐकू येत नाय. मग आबाच तुमच्याशी ओरडून बोलतात आणि माझं राहून जातं. भाऊ-बहिणीच्या मध्ये सुनेने किती बोलायचं. सातवीनंतर पेन हातात धरलंय ते आत्ताच, म्हणून हसू नका. तुमच्या चष्म्यासाठी अक्षर मोठं काढलंय.

तांबू बरी आहे. आली तेव्हा हंबरायची, आता गोठ्यात रुळली. तुम्ही सोबत दिलेला पेंढा खाते. पाडीला सोडून उरतं ते दूध आरोहीला आणि आबांच्या चहाला पुरतं. तुम्ही गाय दिलीत म्हणून तेवढं तरी आहे. अंगणवाडीच्या ताईंनी आरोहीचं वजन केलं, ते लाल रेघेखाली आहे. दीड वर्षाची झाली, पण उचलली की कोंबडीचं पिल्लू उचलल्यासारखी वाटते. मला भीती वाटते आत्या. दीपकना मुंबईला फोन केला की ते बोलतात, होईल गं, होईल.

अस्लमभाई बोलले, तुम्ही विचारत होतात मी कामाला जाते त्या शेडमध्ये एवढ्या पेंढ्याचं करतात काय. साखर काढतात. खरंच. पेंढ्याचे बारीक तुकडे करायचे, पाण्यात थोडं ॲसिड घालून त्यात भिजवायचे, मग मोठ्या बंद टाकीत वाफेवर शिजवायचे, आपल्या कुकरसारखं. आमच्या तेजस्वी मॅडम बोलतात, पेंढ्यात साखर असतेच, फक्त गाठ मारलेली असते. ॲसिड ती गाठ सोडतं. मग काळपट रस येतो, त्याला काकवीसारखा वास. त्यात चुना घालून ॲसिड मारतात, कागद बुडवून रंग बघतात आणि पिंपात भरून आंबवतात. त्याचं स्पिरिट होतं, पेट्रोलात मिसळायला.

मी चोथ्यावर असते. टाकीतून निघालेला चोथा तसाच टाकतात तो कच्चा ढीग. तो चुन्याच्या पाण्यात घोळायचा, मग साध्या पाण्याने धुवायचा, कागद बघायचा, मग दुसऱ्या ढिगावर. तो धुतलेला चोथा आम्ही बायका गुरांसाठी घरी नेतो. मॅडमनी तेवढी परवानगी दिली आहे.

तुमची दर्शना


वरची वाडी, १८ एप्रिल

दर्शना बाय,

पत्र पोचलं. अक्षर एवढं मोठं काढलंस की मला वाटलं ग्रामपंचायतीची नोटीस आली.

जन्मभर मी पेंढा गुरांपुढे टाकला, त्यात साखर हाय ते मला कोण बोललं नाय. गाय पेंढा खाते नि दूध देते, तिला कुठं ॲसिड लागतं? अस्लमला मी बोलले, माझ्या पेंढ्याची दारू गाळता काय रे? तर बोलतो, आत्या मी पीत नाय, तुम्हीच चाखा नि मला सांगा. मेला.

पोरीची काळजी करू नको असं मी बोलणार नाय, ती तू करणारच. पण तुझा सासरा, माझा भाऊ महिपत, लहानपणी असाच व्हता. आई त्याला फडक्यात गुंडाळून फिरायची, वाऱ्याने उडेल म्हणून. आता बघ, दारातून आडवा आत शिरतो.

तांबूला एकदम नवीन काय घालू नको. तिच्या आईचं पण पोट नाजूक व्हतं. चोथा घालायचा तर मूठ मूठ घाल, पेंढ्यात मिसळून.

माझा पोवळा बैल बरा हाय. यंदापण काशीरामच्या बैलाशी वारंगुळा हाय. त्याचा एक बैल, माझा एक, जोडी झाली की आधी त्याचं शेत, मग माझं. टिलर माझ्या कुणग्यात, भाताच्या त्या चिंचोळ्या तुकड्यांत, उतरत नाय, वाटच नाय. तुझे मामा, माझे मालक, गेले तेव्हापासून असंच चाललंय. एकट्या बैलाने नांगर ओढवत नाय नि एकट्या बाईनेपण.

आरोहीला माझा पापा.

सखूआत्या


सावर्डे, ३० एप्रिल

आत्यांना नमस्कार.

पत्राला उशीर झाला. तांबूला जरा बरं नाय. घाबरू नका. तोंडातून लाळ गळते, जीभ लाल झाली आहे, वैरण तोंडात धरते नि टाकून देते. आबांनी गुरांच्या डॉक्टरांना आणलं. ते बोलले, लाळ-खुरकुतीसारखं दिसतंय, पण खुरात काय नाय. वेगळी बांधा बोलले. दूध सध्या काढतो नि ओतून टाकतो. आरोहीला पिशवीचं दूध देते, ते ती अर्धं ओकते.

डॉक्टरांनी विचारलं, हिला खायला काय घालता? मी बोलले, आत्यांच्या घरून आलाय तो पेंढा. आबा समोरच होते.

बाकी सर्व ठीक. तुम्ही काळजी घ्या.

दर्शना


वरची वाडी, ५ मे

दर्शना,

तुझं पत्र वाचलं नि ताटावरून उठले.

मी पेंढ्याच्या उडवीकडे गेले. वरून पेंढा चांगला पिवळा दिसतो. पण मागच्या बाजूने हात घातला तर आत काळी बुरशी. परतीच्या पावसाने भिजला असणार, मी नीट सुकवला नाय. तेव्हा माझ्या गुडघ्याला सूज व्हती नि मी तशीच उडवी रचून टाकली. माझा आळस त्या मुक्या जनावराला बाधला गो. नि तिचं दूध पोरगी पीत व्हती.

काल सगळी उडवी तरव्याच्या जागेवर, भाताची रोपं करते तिथे, पसरली नि आग लावली. पोवळ्याने खाल्ला नि त्याला काय झालं तर? अस्लम आला व्हता, त्याला रिकामा पाठवला. तो बोलला, आत्या वरचा पेंढा चांगला हाय, जाळता कशाला? मी बोलले, जा बाबा, तुझ्या साखरेतपण विष नको.

महिपतला सांग, बहीण चुकली. तांबूचं काय ते लगेच कळव. पोरीचं आधी कळव.

सखू


सावर्डे, ११ मे

आत्यांना नमस्कार.

अस्लमभाईंनी सांगितलं, तुम्ही अख्खी उडवी जाळलीत. मी त्यांना दोनदा विचारलं, अख्खी?

जाळायला नको होती आत्या. तुमच्या पेंढ्यात काय नसेल. बुरशी सगळ्यांच्याच उडवीत थोडी असते. पावसाळाभर पोवळा काय खाणार? आमच्या शेडमधले थोडे भारे मॅडमना विचारून टेम्पोत घातले आहेत. कोरडा पेंढा आहे, टाकीत न गेलेला. तो पोवळ्याला घाला, काय भीती नाय, मी स्वतः बघून दिला आहे.

तांबू तशीच आहे. आरोही बरी आहे. तुम्ही तुमच्यावर घेऊ नका. मला अजून लिहायचं होतं, पण ती रडते आहे.

दर्शना


वरची वाडी, २३ मे

दर्शना,

भारे पोचले. पोवळ्यापुढे टाकले.

तुझा सासरा देवरूखच्या बाजारात काशीरामला भेटला ते तुला ठाऊक हाय की नाय मला ठाऊक नाय. महिपत त्याला बोलला, सखूने आजारी गाय माझ्या गळ्यात मारली, लाळ-खुरकूत हाय तिला. माझा सख्खा भाऊ. मी काय बोलणार, माझ्या गोठ्यातूनच ती गेली.

काशीराम परवा आला. दारातच उभा राहिला, पाणी घेतलं नाय. बोलला, वहिनी राग मानू नका, माझा बैल तुमच्या बैलाशेजारी जुंपणार नाय. मला एकच बैल हाय. त्याचं चुकलं असं मी बोलत नाय. मी त्याच्या जागी असते तर मीपण नाय जुंपला असता.

आता पोवळ्याला कोंडीवर, वाडीच्या पाणवठ्यावर, पाणी पाजायला देत नायत. मी त्याच्यासाठी कळशीने आणते. मिरग तोंडावर आला, सगळे नांगर काढून बसलेत. माझे कुणगे यंदा पड राहणार. तुझे मामा गेले त्या वर्षीपण पड राहिले नव्हते.

पोवळ्याचं तोंड मी रोज उघडून बघते. काय नाय. खूर उचलून बघते. काय नाय. मग हे काय झालं त्या तांबूला? तिकडे डॉक्टर हाय, शिकलेल्या मॅडम हायत. कोणाला तरी विचार गो. बुरशीने झालं असं जरी डॉक्टर बोलला तरी चालेल. बुरशी एका बैलाची दुसऱ्याला लागत नाय. तेवढं काशीरामला सांगता येईल.

सखू


सावर्डे, २७ मे

आत्या,

बुरशीने नाय झालं. माझ्यामुळे झालं.

मी हे पत्र चार वेळा सुरू केलं नि चुलीत घातलं. आता जे येईल ते लिहिते, फाडणार नाय.

धुतलेला चोथा तांबू हुंगायची नि तोंड फिरवायची. त्यात चव राहत नाय. पण कच्च्या ढिगाजवळ गेलं की काकवीचा वास येतो. मला वाटलं, साखर त्याच्यात आहे. साखर गाईच्या पोटात गेली की दूध वाढेल. दूध वाढलं की आरोही लाल रेघेवर येईल. एवढंच डोक्यात होतं. ॲसिडचं मला कळत नव्हतं असं नाय. रोज हातात मोजे घालून तेच धुते मी.

मी पिशवी कच्च्या ढिगातून भरली. घरी आणून त्यात मूठभर चुना कालवला, रसात घालतात तसा. कागद शेडमधून आणता येत नाय, म्हणून जिभेवर ठेवून बघितलं. फार आंबट लागलं नाय. मी बोलले, झालं. तुम्ही लिहिलं होतंत, मूठ मूठ घाल. मी पाटी पाटी घातलं.

तांबूने घमेलं चाटून पुसून साफ केलं. पुढचे काही दिवस दूध वाढलं पण. आरोहीने एकदा अख्खी वाटी संपवली आणि वाटी उपडी करून दाखवली मला. मला वाटलं माझ्यासारखी हुशार बाई अख्ख्या सावर्ड्यात नाय.

मग लाळ सुरू झाली. मला त्याच दिवशी कळलं. जीभ बघितली तेव्हाच, नि तो चोथा घालायचा बंद केला. आमच्यातल्या एका बाईच्या मनगटावर कच्च्या चोथ्याचं पाणी उडालं होतं, तिची कातडी अशीच लाल झाली होती. चुना वरून लागला असणार, आतल्या गुठळ्यांत ॲसिड तसंच राहिलं असणार.

डॉक्टरांनी विचारलं, काय घालता. आबा माझ्याकडे बघत होते. आबांना मी शेडमध्ये जाते ते आवडत नाय, माहीत आहे तुम्हाला. घरी बस नि पोर सांभाळ, रोजचं चालू आहे. मला वाटलं हे कळलं की माझं काम सुटलं. शेडमध्ये कळलं तर सगळ्या बायकांचा चोथा बंद. नि दीपक बोलतील, पोरीच्या तोंडच्या दुधात ॲसिड घातलंस. म्हणून तोंडातून निघालं, आत्यांच्या घरचा पेंढा. खोटं नव्हतं, तो पण खात होती. असं मी मनात बोलत राहिले.

मग मी कोणाला न सांगता तिला चुन्याची निवळी पाजली. आमच्याकडे ॲसिड चुन्याने मारतात म्हणून. पण गाईच्या पोटात कागद बुडवून रंग बघता येत नाय. किती पाजायची ते कळेना. थोडी पाजली नि भीती वाटून थांबले.

तुमची उडवी जळाली तेव्हा सांगायला हवं होतं. पेन घेऊन बसले होते. आरोही रडते आहे असं लिहिलं, ती झोपली होती.

तुमचं परवाचं पत्र वाचलं नि आरोहीला कडेवर घेऊन चालत दवाखान्यात गेले. डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते ओरडतील म्हणून मी दाराजवळच उभी होते. ते ओरडले नायत. पेन खाली ठेवलं नि बोलले, बाई, मी लाळ-खुरकुतीच्या मागे एवढे दिवस घालवले. मग घरी आले, सोडा पाजला, तोंडात लावायला औषध दिलं. आबांना बोलले पोट बिघडलंय, बाकी तुमच्या सूनबाई सांगतील. मी सांगितलं नाय. मी विचारलं, पोरगी दूध प्यायली त्याचं काय? ते बोलले, दुधातून तिला काय होणार नाय, ॲसिड गाईच्या तोंडाला नि पोटाला बाधलं. 

आज तांबूने मूठभर हिरवं गवत खाल्लं.

तुमच्या पोवळ्याला काय झालेलं नाय. तुमच्या पेंढ्याला काय झालेलं नव्हतं. काशीरामभाऊंना सांगा.

दर्शना


वरची वाडी, ३१ मे

दर्शना,

काशीरामला मी सांगू?

मी सांगितलं तर तो बोलेल, सखूवहिनीला शेत नांगरून हवंय म्हणून सुनेच्या नावावर गोष्ट रचली. मी त्याच्या जागी असते तर तेच बोलले असते. आणि तुझं पत्र दाखवणार नाय मी. तुझं लिहिलेलं वाडीत हातोहात फिरवायला मला लाज वाटते.

मला सांगितलंस ते बरं केलंस. पण मला सांगून कोणाचं काय सुटलं? मला तर तू काय पण सांगितलं असतंस तरी मी मानलं असतं. उडवी जाळली की मी, तुझ्या एका ओळीवर.

आधी तुझ्या सासऱ्याला सांग. मग इथे ये. सहाणेच्या ओट्यावर संध्याकाळी सगळे बसतात, तिथे उभी राहा नि सांग. नांगरणी थांबत नाय.

सखू


सावर्डे, ४ जून

आत्या,

आबांना सांगितलं. ते जेवत होते. जेवून झाल्यावर सांगणार होते, पण मग धीर गेला असता. त्यांनी हात ताटातच ठेवला. मग बोलले, मी सखूला काय काय बोललो गं. मला वाटलं मला शिव्या देतील. ते उठले, गोठ्यात गेले नि बराच वेळ तांबूचं तोंड धरून बसले.  त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेजस्वी मॅडमना पण सांगितलं. त्यांनी कच्च्या ढिगाला कुलपाची जाळी लावायला सांगितली आहे. चोथा सगळ्यांचा बंद, धुतलेला पण. मला काढलं नाय, पण आता मी चोथ्यावर नाय, झाडू मारते. बायका माझ्याशी बोलत नायत. एक बोलली, तुझ्या एका गाईपायी आमच्या सगळ्यांची गुरं उपाशी. तिचं काय चुकलं.

दीपकना फोनवर सांगितलं. त्यांनी विचारलं, आरोही कुठे आहे आत्ता? बोलले, तिच्या कानाला फोन लाव. तिच्याशीच बोलले.

रविवारी अस्लमभाईंच्या टेम्पोतून येते. आरोहीला घेऊन येते, तिला ठेवायला आता घरी कोण नाय, कारण आबा पण येतात. मी नको बोलले. ते बोलले, काशीरामला मी सांगितलं होतं, ते मीच जाऊन मोडून काढतो. मी त्यांना बोलले, तुम्ही या, पण बोलणार मी.

आत्या, मी कधी चार माणसांसमोर उभी राहून बोललेली नाय. शाळेत पण नाय. माझी जीभ अडखळेल. तेव्हा तुम्ही माझ्यासाठी बोलू नका. मला दया येईल असं काय पण बोलू नका. आरोहीच्या वजनाचं तर अजिबात काढू नका. मला वेळ लागला तरी लागू दे.

दर्शना


वरची वाडी, १२ जून

दर्शना बाय,

काल काशीराम बैल घेऊन आला. पोवळा नि त्याचा ढवळा जुंपले. आधी त्याचं शेत व्हायला हवं व्हतं, पण तो बोलला, यंदा तुमचं आधी, मला तुमच्या दारात पाणी न पिता जायची सवय नाय. वरचे कुणगे झाले, खालचा उद्या.

रविवारी तू सगळं सांगून गेल्यावर सहाणेवर काय झालं ते तुला कळायला हवं. काशीरामला अजून पटत नाय की ॲसिडात शिजलेला पेंढा गाय आवडीने खाते. बोलतो, सातवी शिकून ही असं करते, दहावी केली असती तर अख्खं गाव खपलं असतं. सगळे हसले. मीपण हसले, खोटं कशाला बोलू. पण मग म्हातारा पाटील बोलला, पोरगी मधे एवढी थांबली, मला वाटलं आता रडेल नि सुटेल. रडली नाय. 

तू थांबलीस तेव्हा माझ्या तोंडापर्यंत शब्द आलेले. पदर तोंडात धरला मी.

महिपतने जाताना माझ्या पाया पडायला वाकायचा प्रयत्न केला. त्याला वाकता येत नाय, पोट मधे येतं. मी बोलले, राहू दे, कोंडीवरून पाणी आणून दे. आणलन बिचाऱ्याने, दोन खेपा.

आता माझं ऐक. त्या दिवशी तुला जेवायला वाढलं, पोरीला मांडीवर घेतलं, म्हणून सगळं मिटलं असं समजू नको. पोर ती पोर हाय, तिचा काय संबंध. पेंढा मी जाळला तो तुझ्या शब्दावर. पावसाळ्यात पोवळ्याला रोज हिरवं कापायला लागणार नि माझा गुडघा तुला ठाऊक हाय. शेडला सुट्टी लागली की विळा घेऊन इकडे ये. मी बोलावते म्हणून नाय, बैल उपाशी राहील म्हणून ये. पोरीला घेऊन ये. इथे काशीरामच्या म्हशीचं दूध हाय.

राग अजून हाय. गेला की कळवीन.

सखूआत्या